अडखळत्या बोलण्याची नोंद: क्लॅनमध्ये मराठी ट्रान्स्क्रिप्ट आणि कोडिंग कसं करावं

तोतरेपणाच्या केसमध्ये ‘खूप अडखळतो’, ‘गेल्या वेळेपेक्षा बरा आहे’ अशा शेऱ्यांवर फार दिवस भागत नाही. बरा म्हणजे किती? अडखळण्याच्या जागा कमी झाल्या, की तेवढ्याच जागी आता आवाज अडकून बसण्याऐवजी शब्द दोनदा येतो? हा दुसरा बदल थेरपीच्या दृष्टीने मोठा असतो, आणि नुसत्या ऐकण्यातून तो निसटतो. म्हणून बोलणं शब्दशः उतरवून, प्रत्येक अडखळण्याला ठरावीक खूण देऊन (यालाच कोडिंग म्हणतात) मोजावं लागतं. हा लेख स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी, क्लिनिकमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणि मराठी भाषेवर संशोधन करणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजीसाठी याच्या पद्धती नीट बसलेल्या आहेत. मराठीत आणि देवनागरीत त्या जशाच्या तशा उचलल्या की काही ठिकाणी हिशोब चुकतो, आणि त्या जागांवरच मी जास्त वेळ थांबणार आहे.

कोणतं सॉफ्टवेअर

मी क्लॅन वापरा असं सांगेन. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन मॅकव्हिनी यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. त्याचं प्रोग्रॅमिंग लिओनिद स्पेक्टर यांचं. मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी १९८४ मध्ये मुलांच्या भाषेचा चाइल्ड्स हा संग्रह सुरू केला. त्यातूनच पुढे टॉकबँक हा बोलण्याच्या नमुन्यांचा मोठा संग्रह वाढला. टॉकबँकेचा फ्लुएन्सीबँक हा विभाग खास तोतरेपणा आणि बोलण्याच्या ओघावरच्या अभ्यासासाठी आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या नॅन बर्नस्टीन रॅटनर आणि मॅकव्हिनी यांनी तो मिळून उभा केला. क्लॅन फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, आणि अडखळण्याच्या प्रत्येक प्रकाराला त्यात वेगळी खूण आहे.

सॉल्ट नावाचं दुसरं सॉफ्टवेअरही चांगलं आहे, पण ते विकत घ्यावं लागतं. आवाजाच्या लहरी बारकाईने बघायला प्राट, व्हिडिओवर अनेक थरांत खुणा करायला एलान ही साधनं जवळ ठेवा. क्लॅनमधली फाईल दोन्हीकडे नेता येते.

आपोआप लिहून देणाऱ्या प्रोग्रॅम्सबद्दल आधीच सांगतो. त्यांचं शिक्षणच स्वच्छ, वाचनीय मजकूर देण्यासाठी झालेलं असतं. ‘म् म् मग’ ऐकलं तरी ते ‘मग’ लिहून मोकळे होतात. आपल्याला नेमकं जे हवं तेच त्यात पुसलं जातं. थेरपिस्टच्या वाक्यांचा कच्चा सांगाडा मिळवायला त्यांची मदत घ्यायला हरकत नाही. अडखळणाऱ्या माणसाची प्रत्येक ओळ मात्र कानाने ऐकून लिहायची.

रेकॉर्डिंग

व्हिडिओ घ्याच. तोतरेपणातला सगळ्यात जड प्रकार म्हणजे ब्लॉक. ओठ मिटलेले, मान ताठ, आणि आवाज अजिबात नाही. नुसत्या ऑडिओत ही जागा साध्या शांततेसारखी ऐकू येते आणि ‘विचार करत थांबला’ अशी नोंद होते. ज्याने त्या दोन सेकंदांत सगळी ताकद लावली, त्याच्या कष्टाची नोंदच होत नाही. चेहरा आणि खांदे फ्रेममध्ये हवेत, उजेड समोरून हवा.

आवाजासाठी माईक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि ऑडिओ डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. पंखा बंद करा. आपल्याकडच्या खोल्यांत पंख्याची घरघर नेमकी ‘स’, ‘श’, ‘फ’ या आवाजांवर बसते आणि लांबवलेला ‘स’ कुठे सुरू झाला ते कळेनासं होतं.

नमुना किमान ३०० सिलॅबल (सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) भरेल एवढा तरी घ्या, जास्त असेल तर उत्तम. तोतरेपणा दिवसागणिक आणि प्रसंगागणिक बदलतो, त्यामुळे एकाच बैठकीतल्या एकाच कामावर विसंबू नका. लहान मुलासाठी आईबाबांशी खेळताना एक तुकडा आणि शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरून गोष्ट सांगताना दुसरा. मोठ्यांसाठी गप्पा, वाचन आणि जमलं तर फोनवरचं बोलणं. ज्यांना फोनचीच धास्ती आहे, त्यांच्या बाबतीत हा तिसरा तुकडाच खरं चित्र दाखवतो.

परवानगी लेखी घ्या. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित धरली आहे. रेकॉर्डिंग कोण ऐकणार, किती काळ ठेवणार, वर्गात दाखवणार का, हे तीन प्रश्न पालकांपुढे वेगवेगळे ठेवा. क्लिनिकमध्ये वापरायला हो म्हणणारी आई विद्यार्थ्यांपुढे दाखवायला नाही म्हणू शकते, आणि तो तिचा हक्क आहे.

फाईलची मांडणी

क्लॅन ज्या पद्धतीने लिहिलेली फाईल वाचतं, तिला चॅट म्हणतात. सुरुवातीच्या ओळी @ ने सुरू होतात आणि त्यांतले शब्द रोमन लिपीतच टाईप करावे लागतात. त्यांत एवढं सांगायचं असतं: फाईल युनिकोडमध्ये आहे, ती इथे सुरू होते, भाषा कोणती, बोलणारे कोण, रेकॉर्डिंगची फाईल कोणती. मराठीची खूण एम, ए, आर ही तीन अक्षरं. वय वर्ष, अर्धविराम, महिने, टिंब, दिवस असं लिहितात. पाच वर्षं तीन महिने बारा दिवस म्हणजे ५;०३.१२. इथे मी देवनागरी अंक लिहिले आहेत, फाईलमध्ये रोमन वापरा. रेकॉर्डिंगचं आणि ट्रान्स्क्रिप्टचं नाव एकच ठेवायचं, फक्त शेपटी वेगळी. मुलाचं खरं नाव फाईलच्या नावात कधीही नको.

त्यानंतर प्रत्येक वाक्याची एक ओळ. सुरुवातीला तारा, बोलणाऱ्याची तीन रोमन अक्षरी खूण, कोलन, मग टॅब. स्पेसबार नव्हे, टॅब. ओळ पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्हाने संपवायची. देवनागरी दंड चालत नाही. अंक अक्षरांत लिहायचे, ‘५ वाजता’ नव्हे, ‘पाच वाजता’. खाली मुख्य ओळीला लागून टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या जोडओळी देता येतात. त्यात टीप, उच्चार किंवा स्वतःची खास नोंद बसते. स्वतः ठरवलेल्या जोडओळीचं नाव एक्स या अक्षराने सुरू करायचं असतं.

वाक्य कुठे तोडायचं हा प्रश्न मराठीत लगेच येतो. मुलं ‘आणि मग… आणि मग…’ करत एकाच दमात पाच क्रियापदं ओढत नेतात. मी एक मुख्य क्रियापद आणि त्यावर अवलंबून असलेली उपवाक्यं एवढी एक ओळ धरतो. ‘आणि’ किंवा ‘मग’ने नवीन स्वतंत्र वाक्य सुरू झालं की नवी ओळ. तुम्ही वेगळं ठरवू शकता, पण ठरवलेलं एका कागदावर लिहा आणि सगळ्या फाईल्सना तेच लावा.

पहिली फेरी: फक्त शब्द

एकाच वेळी शब्दही लिहायचे आणि अडखळण्याच्या खुणाही द्यायच्या, असं करू नका. कान दोन कामांत वाटला गेला की दोन्ही कामं कच्ची राहतात. पहिल्या फेरीत बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते शब्द उतरवा आणि प्रत्येक ओळ आवाजाशी जोडा. क्लॅनमध्ये आवाज चालू असताना वाक्य संपताच ठरलेली कळ दाबली की त्या ओळीला वेळेची खूण लागते, आणि पुढे तेवढाच तुकडा हवा तितक्या वेळा ऐकता येतो. हे जोडकाम कंटाळवाणं वाटतं, पण दुसऱ्या फेरीचा सगळा वेग त्यावर अवलंबून आहे.

बोली जशी ऐकू आली तशी लिहा. मूल ‘व्हतं’ म्हणालं तर ‘होतं’ करायचं नाही. ‘केलं’ला ‘केले’ करायचं नाही. सोलापूरकडचं मूल असो की कोकणातलं, त्याची बोली हा दोष नाही, आणि अडखळण्याच्या हिशोबात ती शिरू द्यायची नाही. जे अजिबात कळलं नाही तिथे अंदाजाने शब्द भरू नका. न कळलेल्या तुकड्यासाठी तीन रोमन एक्स ही खूण आहे.

देवनागरीतली एक अडचण इथेच मिटवा. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाईप होतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शब्द मोजताना क्लॅन त्यांना दोन वेगळे शब्द धरतं. ‘ॲ’चंही तसंच आहे, एक अख्खा ‘ॲ’ आणि एक ‘अ’वर चंद्र जोडलेला. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा हा नियम पहिल्याच दिवशी करा.

दुसरी फेरी: खुणा

आता तुकडा तुकडा ऐकत अडखळण्याला खुणा द्यायच्या. या फेरीत आवाज नेहमीच्या वेगानेच ऐका. हळू केला की साधे जोडही लांबलेले वाटायला लागतात आणि नसलेले दोष सापडतात. फक्त शंका आली तिथे हळू करून बघा, आणि निर्णय पुन्हा नेहमीच्या वेगावर ऐकूनच घ्या.

शब्दाचा तुकडा परत परत आला तर तो तुकडा ↫ या दोन खुणांच्या मध्ये लिहायचा, प्रत्येक फेऱ्यामध्ये आडवी रेघ: ↫म्-म्↫मग. मजकूर मोजताना खुणांमधला भाग बाजूला पडतो आणि ‘मग’ हा शब्द शाबूत राहतो. आवाज लांबला तर त्या ध्वनीनंतर कोलन. शब्दाच्या मध्येच तुटला तर ^, जसं शा^ळेत. ब्लॉक असेल तर शब्दाच्या आधी चिकटून ≠, जसं ≠कुत्रा. अख्खा शब्द किंवा शब्दसमूह परत आला तर [/], एकाहून जास्त शब्द असतील तर ते आधी < > मध्ये घालून. बोलता बोलता शब्द बदलला तर [//]. ‘अं’, ‘हं’ असे भरीचे आवाज &- लावून. अर्धवट सोडलेला तुकडा &+ लावून. थांबण्याच्या जागा कंसात टिंबं देऊन, (.) लहान, (..) मोठी, किंवा नेमके सेकंद. या चिन्हांपैकी ↫ आणि ≠ कीबोर्डवर सापडत नाहीत. ती क्लॅनच्या खास चिन्हांच्या खिडकीतून घ्या आणि प्रत्येकाने स्वतःसाठी शॉर्टकट बसवून ठेवा.

एक ओळ पूर्ण करून बघू. समजावण्यासाठी मी ती रचली आहे. चित्र बघून मूल सांगतंय, ‘मग त्या कुत्र्यानं सगळं ताक सांडलं’. प्रत्यक्षात ऐकू आलं ते असं: ‘मग’चा सुरुवातीचा ‘म’ दोनदा आधी येऊन गेला, ‘कुत्र्यानं’च्या आधी ओठ आवळले आणि आवाज अडकला, मध्ये ‘अं’, मग ‘सगळं’ दोनदा, दुसऱ्या वेळी ‘स’ लांबलेला, आणि ‘दूध’ म्हणून लगेच ‘ताक’ केलं. ओळ अशी होईल:

↫म्-म्↫मग त्या ≠कुत्र्यानं &-अं सगळं [/] स:गळं दूध [//] ताक सांडलं .

यात सहा खुणा आहेत. त्यांतल्या तीन तोतरेपणाच्या वळणाच्या: तुकड्याची पुनरावृत्ती, ब्लॉक आणि लांबवणं. उरलेल्या तीन, म्हणजे ‘अं’, दोन सिलॅबलच्या अख्ख्या शब्दाची पुनरावृत्ती आणि शब्द बदलणं, हे कुणाच्याही बोलण्यात होतं. हा भेद पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया आहे.

देवनागरी जिथे अडते

या ओळीतला ‘स:गळं’ पुन्हा बघा. इंग्रजीत व्यंजन आणि स्वर वेगळे लिहिले जातात, म्हणून कोलन नेमका लांबलेल्या व्यंजनानंतर बसतो. आपल्याकडे ‘स’ मध्ये ‘अ’ दडलेला आहे. ‘स:गळं’ लिहिलं तर स् लांबला की त्यातला अ, ते कळत नाही. ‘साखर’मध्ये तर ‘स्’ आणि ‘ा’च्या मध्ये कोलन घालताच येत नाही, काना निराधार होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसतो. काही जण ‘स्:साखर’ लिहितात. ते वाचायला बरं, पण कोलन काढला की ‘स्साखर’ हा नसलेला शब्द उरतो आणि शब्दांची यादी बिघडते.

यावर दोन मार्ग आहेत. एक, सगळं रोमनमध्ये लिहायचं. मग खुणा अचूक बसतात, पण प्रत्येक जण मराठी शब्द रोमनमध्ये आपल्या मनाने लिहितो आणि एकाच शब्दाची चार रूपं होतात. शिवाय ती फाईल मुलाच्या आजीला किंवा शिक्षकांना दाखवता येत नाही. मी दुसरा मार्ग घेतो: मुख्य ओळ देवनागरीत, कोलन अक्षरानंतर, आणि खाली एक्सवाल्या जोडओळीत ‘सगळं: स् लांब’ किंवा ‘सगळं: अ लांब’ अशी नोंद. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण व्यंजनावर ताण येऊन लांबणं आणि शब्द आठवताना स्वर ओढणं यांत फरक करावा लागतो. मराठीत जोर देण्यासाठीही स्वर लांबतो. ‘केवढाऽऽ मोठा हत्ती!’ यातला लांब ‘ढा’ म्हणजे गोष्टीतला रंग आहे, त्याला खूण द्यायची नाही.

पुनरावृत्तीत पाय मोडण्याचा उपयोग जपून करा. ↫प्-प्↫पाणी, ↫प-प↫पाणी आणि ↫पा-पा↫पाणी हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात नुसतं व्यंजन, दुसऱ्यात व्यंजनामागे एक ओझरता अ, तिसऱ्यात अख्खं पहिलं सिलॅबल. दुसऱ्या प्रकाराकडे थेरपिस्टनी लक्ष द्यावं, कारण तिथे शब्दातला मूळ स्वर न येता दुसराच स्वर येतो आहे. देवनागरीत ‘प’ आणि ‘प्’ यांत फक्त एका तिरक्या रेघेचा फरक, आणि घाईत नेमकी तीच सुटते.

कोलनच्या जागी विसर्ग टाईप होऊ देऊ नका. ‘:’ आणि ‘ः’ पडद्यावर जुळे वाटतात, क्लॅनसाठी मात्र विसर्ग हा शब्दातलं एक अक्षर आहे, खूण नव्हे. फाईल संपल्यावर एकदा विसर्ग शोधून बघायचा. ‘दुःख’ आणि ‘अंतःकरण’ सोडून जे सापडेल ते बहुतेक चुकून आलेलं असतं.

पुनरावृत्ती की द्विरुक्ती

मराठी बोलण्यात शब्द दोनदा येणं हे व्याकरणच आहे. ‘हळू हळू चालला’, ‘लाल लाल फुगा’, ‘जाता जाता पडला’, ‘कधी कधी येतो’, ‘थोडं थोडं दे’. यांपैकी कशालाही [/] लावायचं नाही. इंग्रजीच्या सवयीने कोडिंग शिकलेले विद्यार्थी इथे सर्रास खुणा देतात आणि व्यवस्थित बोलणाऱ्या मुलाचा आकडा फुगवतात. अशा जोड्यांमध्ये खाली रेघ देऊन त्या एकत्र लिहिल्या, हळू_हळू, तर नंतर कुणी चुकून खूण देत नाही.

कधी कधी खरंच संदिग्ध असतं. ‘तो पळ पळ पळाला’मध्ये तिन्ही ‘पळ’ एकाच सुरात, एकाच लयीत येतात. ‘तो पळ… पळ पळाला’मध्ये मधे ताण आणि थांबणं ऐकू येतं. सूर आणि लय सलग असेल तर द्विरुक्ती, तुटली असेल तर पुनरावृत्ती, हा नियम मला पुरतो. तरीही शंका राहिली तर खूण देऊ नका, टिपेच्या ओळीत लिहा.

‘म्हणजे’, ‘आपलं’, ‘ते हे’ यांचंही तसंच. ‘म्हणजे काय?’ मधला ‘म्हणजे’ वाक्याचा भाग आहे. ‘मी, म्हणजे, काल गेलो’ मधला भरीचा आहे, त्याला &- द्या. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे बारकाईने बघा, कारण अडखळण्याची चाहूल लागताच ‘म्हणजे’चा आधार घेऊन शब्द सुरू करण्याची सवय अनेकांना असते. तसा संशय आला तर त्यांनाच विचारा. ‘इथे तुम्ही शब्द बदलला का?’ या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरकडे नाही.

मोजणी

आधी क्लॅनमधली तपासणीची आज्ञा, चेक, चालवा. टॅब राहिला, पूर्णविराम राहिला, एखादी बोलणाऱ्याची खूण वर नोंदवलेलीच नाही, असे दोष ती ओळीसकट दाखवते. दोष शून्य होईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग फ्लूकॅल्क. ही आज्ञा प्रत्येक प्रकारच्या खुणा मोजून एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता देते. नुसतं आज्ञेचं नाव टाईप करून एंटर दाबलं की तिचे सगळे पर्याय पडद्यावर येतात, त्यांतून फक्त मुलाच्या ओळी निवडण्याचा पर्याय घ्या. मराठीवर पहिल्यांदा चालवताना दहा ओळींची एक फाईल हाताने मोजा, तीच फ्लूकॅल्कमधून काढा आणि रकाना रकाना ताडून बघा. खुणांची मोजणी त्याच्यावर सोपवता येईल. सिलॅबलची मोजणी मात्र मराठीसाठी हातानेच करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

कारण आपलं लिखित अक्षर म्हणजे सिलॅबल नव्हे. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एकच सिलॅबल. ‘सरबत’ चार अक्षरं, पण ‘सर-बत’ दोन सिलॅबल. ‘अडखळतो’ पाच अक्षरं, ‘अड-खळ-तो’ तीन. वरच्या ओळीत पुनरावृत्ती आणि बदललेला शब्द वगळून १४ अक्षरं होतात, सिलॅबल १०. अक्षरं मोजून भागाकार केला तर तोतरेपणा आहे त्यापेक्षा कमी दिसेल, आणि एखाद्या मुलाची थेरपी त्या आकड्यापायी लांबणीवर पडेल.

याचाच दुसरा परिणाम एका सिलॅबलच्या शब्दांवर होतो. ‘मी मी मी’, ‘तो तो’ अशा एकाच सिलॅबलच्या शब्दाची पुनरावृत्ती बरेच संशोधक तोतरेपणाच्या वळणात धरतात, ‘आई आई’ किंवा ‘सगळं सगळं’ धरत नाहीत. ‘मग’ आणि ‘पण’ लिहिताना दोन अक्षरी, पण बोलताना एका सिलॅबलचे. मराठी मुलं सगळ्यात जास्त याच दोन शब्दांवर वाक्य सुरू करतात, त्यामुळे त्यांना चुकीच्या गटात टाकलं तर पूर्ण निकाल फिरतो. फ्लूकॅल्क एका सिलॅबलचे शब्द वेगळे काढतं, पण देवनागरी मजकुरात ते बरोबर निवडेल असं धरून चालू नका. ही यादी स्वतः काढा.

आता आकडा. इलिनॉय विद्यापीठातल्या निकोलिन ॲम्ब्रोज आणि एहुद यायरी यांनी १९९९ मध्ये शाळेआधीच्या वयाच्या मुलांसाठी एक भारित गुण मांडला. दर १०० सिलॅबलमागे शब्दाच्या तुकड्यांच्या पुनरावृत्त्या आणि एका सिलॅबलच्या शब्दांच्या पुनरावृत्त्या यांची बेरीज करायची, तिला सरासरी फेऱ्यांनी गुणायचं, आणि त्यात दर १०० सिलॅबलमागच्या ब्लॉक, लांबवणं आणि तुटलेले शब्द यांची दुप्पट मिळवायची. ↫म्-म्↫मग मध्ये फेरे दोन. समजा ३०० सिलॅबलमध्ये तुकड्यांच्या पुनरावृत्त्या ९, एका सिलॅबलच्या शब्दांच्या ६, सरासरी फेरे १.८, ब्लॉक आणि लांबवणं मिळून ३. दर १०० ला ३, २ आणि १. म्हणून ५ गुणिले १.८ म्हणजे ९, अधिक २, एकूण ११. मूळ अभ्यासात ४ च्या वरचा गुण तोतरेपणाच्या बाजूला धरला होता.

ही सीमारेषा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून आली आहे. मराठी मुलावर तिचा शिक्का मारू नका. त्याच मुलाच्या दोन नमुन्यांची तुलना करायला मात्र हा गुण फार उपयोगी पडतो, कारण अडखळण्याची संख्या, लांबी आणि प्रकार हे तिन्ही त्यात येतात. तोतरेपणा किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या रायली यांच्या चाचणीसाठी सगळ्यात लांब तीन अडखळण्यांचा काळही लागतो. त्या तीन जागा क्लॅनमध्ये शोधून प्राटमध्ये उघडा आणि सेकंद तिथे मोजा.

डोळे मिचकावणं, पाय आपटणं, श्वास आत ओढणं या शरीराच्या खुणाही नोंदवा. चॅटमध्ये &= लावून कृती लिहितात. मोठी फाईल असेल तर फक्त ब्लॉकच्या जागी बघितलं तरी चालतं, पण मग सगळ्या फाईल्समध्ये तेवढंच करा.

दुसरा कान

एका माणसाचं कोडिंग हे अजून एका माणसाचं मत आहे. नमुन्याचा दहा ते वीस टक्के भाग दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे कोड करावा, तुमच्या खुणा न बघता. मग प्रत्येक खुणेची जुळणी बघा: जुळलेल्या जागा भागिले एकूण जागा. कोहेनचा काप्पा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वगळून काढलेला आकडा, हाही काढा, क्लॅनमध्ये त्यासाठी रेली ही आज्ञा आहे. एकूण आकडा जुळला म्हणून समाधान मानू नका. दोघांनी वीस वीस खुणा दिल्या आणि त्या वेगवेगळ्या शब्दांवर असल्या तरी एकूण सारखाच येतो.

वाद झाले की बहुतेक तीनच जागी होतात: ब्लॉक की थांबणं, एका सिलॅबलच्या शब्दाची पुनरावृत्ती की द्विरुक्ती, आणि लांबवणं की जोर. प्रत्येक वाद मिटला की त्याचा नियम कागदावर उदाहरणासकट लिहा आणि आधीच्या फाईल्स त्या नियमाने परत बघा. फ्लुएन्सीबँकेत तोतरेपणा असलेल्या प्रौढांच्या मुलाखतींचा व्हॉइसेस हा संग्रह ट्रान्स्क्रिप्टसह आहे. विद्यार्थ्यांना आधी त्यातला एखादा तुकडा स्वतः कोड करायला द्या, मग प्रकाशित खुणांशी ताडायला सांगा. भाषा इंग्रजी असली तरी ब्लॉक ओळखायला कान आणि डोळा तयार होतो.

मूल सहा महिन्यांनी परत आलं की तीच कामं, तेवढाच नमुना, तोच नियमांचा कागद वापरा, आणि जमलं तर कोड करणाऱ्याला कोणता नमुना आधीचा आणि कोणता नंतरचा ते सांगू नका. आईबाबांना निकाल सांगताना एकूण गुणाआधी प्रकारांचा तक्ता दाखवा: ब्लॉक इतके होते, आता इतके आहेत, त्या जागी आता हलक्या पुनरावृत्त्या येतात. मग आधीच्या आणि आत्ताच्या नमुन्यातली एक एक ओळ, परवानगी असेल तर आवाजासकट, त्यांच्यासमोर लावा.